राजाचा बोरू

एका राज्यात वेलींना फुलं येत, पण फळ धरत नसे. भोपळ्याची पिवळी फुलं सकाळी उमलत आणि तशीच गळून पडत. घरोघरी बियाण्याचं गाडगं तळाला गेलं होतं. येत्या वर्षात वेल धरले नाहीत, तर भोपळ्याचं नुसतं नाव उरणार होतं.

हे का झालं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. राजा भद्रसेनानं गादीवर बसताच फर्मान काढलं होतं, की राज्यात एकही भोक, एकही फट राहता कामा नये. भिंती लिंपल्या गेल्या, वाळकी खोडं जाळली गेली, नदीकाठचे पोकळ बोरू कापले गेले. भुंगे गेले, माश्या गेल्या. शेवटी मातीची घरं बांधणारी कुंभारीण माशी राजवाड्याच्या कळसावर बसून म्हणाली, "राजा, तू आमची दारं लिंपलीस. तुझ्या राज्यात फूल फुलेल, फळ धरणार नाही." एवढं बोलून ती डोंगरापलीकडे उडून गेली.

त्या राज्यात पंतोजींची शाळा होती. तशा शाळा आता कुठे राहिल्या! सारवलेली जमीन, शाईचा वास आणि पाढ्यांचा गलका. आठवलं की अजून जीव हळवा होतो. त्या शाळेतली सोनकी मोठी धीट. तिनं चिंचेवरच्या वेड्या राघूला विचारलं, "पक्षिराज, या शापाला उतारा काय?"

"मी माश्या खाऊन जगतो. उपाशी आहे, म्हणून सांगतो," राघू म्हणाला. "कामं तीन. हजार नळ्यांचं घर बांधा, प्रत्येकीचं एक तोंड बंद, एक उघडं. त्यात कोणी डोकावू नका. आणि ज्या हातानं कुंभारणीचं घर मोडलं, त्याच हातानं एक नळी द्यावी."

नळ्या आणायच्या कुठून? राज्यात बोरू उरले होते ते फक्त पोरांच्या लिहिण्याचे. ज्याला त्याला आपला बोरू जिवापाड प्यारा. तरी गावोगावच्या पोरांनी ते दिले. सोनकीनं आणि तिच्या सोबत्यांनी टोकं छाटली, मोळ्या बांधल्या, शाळेच्या वळचणीला टांगल्या. पोरं बोटानं धुळीत अक्षरं गिरवू लागली.

एक बोरू कमी पडला.

"तो कोणाचा, मला ठाऊक आहे," पंतोजी म्हणाले आणि पोरांना घेऊन दरबारात गेले.

"महाराज, आपला बोरू हवा."

"कोणता बोरू?"

"ज्यानं आपण शाळेच्या भिंतीवरचं मातीचं घर फोडलंत, तो."

राजाचा हात आपसूक डाव्या भुवईकडे गेला. सात वर्षांचा असताना कुंभारणीनं तिथेच नांगी मारली होती.

"पंतोजी, तेव्हा सगळी शाळा हसली होती."

"हसली होती, महाराज. मीही हसलो होतो. माझं चुकलं."

राजा गादीवरून उठला. मग त्यानं पेटीतून शाईनं काळवंडलेला बोरू काढला आणि शाळेत येऊन स्वतःच्या हातानं मोळीत खोचला. राघू कुंभारणीला निरोप सांगायला डोंगरापलीकडे गेला.

हळूहळू पाहुणे येऊ लागले. कुंभारीणही आली. सारे बोरू सोडून ती राजाच्याच बोरूत शिरली आणि मातीनं तोंड बंद करून निघून गेली. आता न डोकावणं आलं, आणि तेच सर्वांत अवघड गेलं. सोनकी तर हातांवर बसायची. राजा रोज येई, मान लांबवी.

"हात मागे, महाराज," पंतोजी म्हणत. राजा हात मागे बांधून उभा राही.

थंडी सरली. एका सकाळी राजाच्या बोरूची माती फुटली. एक कोवळी कुंभारीण बाहेर आली आणि पंख सुकवून थेट राजाच्या डाव्या भुवईवर जाऊन बसली. राजानं डोळे घट्ट मिटले, ओठ आवळले, पण हात उचलला नाही. थोडं बसून ती उडून गेली.

त्याचा तो चेहरा पाहून पोरं खो खो हसली. या वेळी राजाही हसला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

त्या पावसाळ्यात शाळेच्या कुडावर भोपळ्याचा वेल चढला. फुलं उमलली, भुंगे घुमले आणि एका फुलामागे बोराएवढा हिरवा भोपळा धरला. सोनकीनं तो आधी राजाला दाखवला.