छबूच्या कानातला शब्द

तुमचे बाबा चार वर्षांचे होते, तेव्हा वैशाखात त्यांना ऊन लागलं. तीन दिवस अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे उघडेनात. मी देवापुढे बसले आणि बोलून गेले, देवा, याला उठून बसू दे. वैशाखभर रोज तीन तोंडांना पाणी पाजीन, आणि ते पाजून होईपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. एक तोंड झाडाचं, एक पाखराचं, एक माणसाचं. आणि माणूस घरातलं नको, घरच्यांना तर आपण देतोच. चौथ्या दिवशी बाबांनी डोळे उघडले आणि पेज मागितली. ते व्रत मी पुढे बारा वैशाख केलं.

व्रत मला सासूबाईंनी सांगितलं होतं, आणि त्याच्याबरोबर एक गोष्टही. उद्या तुम्ही सगळे नदीवर निघालात ना, म्हणून आज तीच सांगते. थोडी भीतीची आहे, बरं का. कुहू, तू माझ्या कुशीत ये. पाय पांघरुणात घ्या सगळ्यांनी.

तर एका गावात केरबा नावाचा कुंभार होता. त्याची बायको सारजा. त्यांना तीन मुलं. थोरली यमू, मधला नामा आणि धाकटी छबू. छबू एवढीशी, आपल्या कुहूएवढी. सारजेचंही हेच व्रत होतं. रोज पहाटे ती तुळशीला पाणी घाले. मग मातीच्या पसरट परळात चिमण्यांसाठी पाणी ठेवी. मग दारावरून कुणी वाटसरू गेला की त्याला तांब्या देई. तिसरं तोंड झालं की सारजा आधी छबूला जवळ घ्यायची आणि तिच्या कानात बोलायची. रोजचा पहिला शब्द छबूच्या कानात. दुसऱ्या कुणाला तो मिळायचा नाही. यमूला याचा राग यायचा, पण नेम तो नेम.

आता वैशाखात काय व्हायचं, केरब्याचे माठ विकून संपायचे. चाक थांबायचं. मग वर्षातून एक दिवस तो बायकोमुलांना घेऊन रानात जायचा. सकाळी डोंगरावर करवंदं, मग आमराईत आंबे, आणि दुपारी नदीवर भाकरी. मुलं वर्षभर त्या दिवसाची वाट बघायची.

त्या वर्षीही निघाली. तुळशीला पाणी झालं, चिमण्यांना झालं. पण निघायची इतकी घाई, की दारावरून माणूस जाईपर्यंत थांबायला कुणी तयार नव्हतं. सारजेनं पाण्यानं भरलेली लहानशी मातीची घागर कमरेवर घेतली. वाटेत भेटेल कुणीतरी, असं तिला वाटलं.

मग काय, छबू रुसली. तिचा शब्द राहिला होता. सारजेनं तिच्या कानाला बोट लावलं आणि मान हलवली. म्हणजे, मिळेल, तुझा तुलाच मिळेल. केरबा हसत म्हणाला, "आज रानात पाखरं तरी ऐकू येतील." सारजेनं त्याच्याकडे असं बघितलं, की तो पुढे चालायला लागला.

डोंगरावर एक धनगर भेटला. सारजेनं घागर पुढे केली. तो म्हणाला, "आत्ताच लोटाभर ताक प्यालो, माऊली." मग आमराईत एक कासार भेटला. त्यानं नुकतेच चार आंबे चोखले होते, त्याच्या पोटात घोटाला जागा नव्हती. मग नदीच्या उतारावर एक गोसावी भेटला. सारजेला वाटलं, आता झालं. पण गोसाव्याचा त्या दिवशी निर्जळी उपास. त्यानं हात जोडले आणि पुढे गेला.

उन्हानं रान भाजत होतं, आणि एक माणूस तहानलेलं मिळेना. सारजा मुकीच नदीवर पोचली.

नदी आटली होती. जिकडेतिकडे वाळू. फक्त कड्याच्या खाली एक डोह होता. त्याचं पाणी काळं. भर दुपारीसुद्धा त्यात आभाळ दिसत नव्हतं.

मागच्या वर्षाचं एक सांगायचं राहिलंच. मागच्या वर्षी याच डोहाच्या काठी सारजेनं भाकरी सोडली होती आणि मुलांना जेवायला हाका मारल्या होत्या. यमू ये. नामा ये. छबू ये. तेव्हा तिचं तिसरं तोंड सकाळीच झालं होतं. गावात परतल्यावर एक म्हातारी तिला म्हणाली होती, बाई, त्या डोहावर माध्यान्ही नाव घेऊन हाक मारू नये. तो हाक ठेवून घेतो. सारजेला तेव्हा ते खरं वाटलं नव्हतं.

तर मग जेवणं झाली. केरबा लांब उंबराखाली आडवा झाला आणि घोरायला लागला. मुलं वाळूत झिरा खणत होती. वाळू उकरली की खालून पाणी येतं ना, तसा. सारजा जरा वर, झाडीत, जळणाच्या काटक्या वेचत होती.

सूर्य डोक्यावर आला. सावल्या पायाखाली गेल्या. पाखरं गप्प झाली. एक होला घुमत होता, तोही गप्प झाला.

आणि हाक आली. "यमू, ये."

आवाज सारजेचा. हुबेहूब. यमूला वाटलं, आईला माणूस भेटलं वाटतं, व्रत झालं. ती उठली आणि हाकेच्या दिशेनं गेली. खडकाच्या पलीकडे.

मग दुसरी हाक आली. "नामा, ये." नामा काय, ताई गेली म्हणून तोही गेला. हात वाळूनं भरलेले, तसाच.

मग तिसरी. "छबू, ये."

छबू हलली नाही. ती झिऱ्याशी बसून राहिली. का बरं? तिनं मनात म्हटलं, आई बोलायला लागली, तर पहिला शब्द माझ्या कानात यायला हवा. यमूला आधी हाक कशी? हे काहीतरी खोटं आहे.

काटक्या वेचता वेचता सारजेला तो आवाज ऐकू आला. स्वतःचाच आवाज, आणि स्वतःचं तोंड तर मिटलेलं. तिच्या हातातून काटक्या पडल्या. ती झाडीबाहेर आली आणि तिनं पाहिलं. यमू डोहात कमरेपर्यंत गेली होती. नामा गुडघ्यापर्यंत. दोघं झोपेत चालावं तशी चालत होती. आणि त्यांच्या भोवती पाण्यावर एक तरंग नव्हता.

सारजेनं ओरडायला तोंड उघडलं. हाक अगदी ओठांशी आली. आणि ती थबकली. दोन हाका सारख्याच झाल्या, तर मुलं कुठल्या हाकेला वळतील? आणि पुन्हा नावं घेतली, तर डोह ती पुन्हा ठेवून घेईल. केरब्याला उठवावं, तर तो लांब. तिनं ओठ घट्ट मिटले, झाडीच्या कडेला ठेवलेली घागर सवयीनं कमरेवर घेतली आणि ती धावली. वाळू अशी तापलेली की तळव्यांना फोड आले. तिला ते घरी गेल्यावर कळलं.

तेवढ्यात छबू उठून डोहाच्या कडेला गेली होती. पाण्यात पाय न घालता, कमरेवर हात ठेवून तिनं विचारलं, "तू आई नाहीस. तू कोण?"

मग त्याच आवाजात, पण अगदी बारीक, उत्तर आलं. "मला तहान लागलीय."

छबू म्हणाली, "मग पी की. एवढं पाणी आहे."

"पाणी पुष्कळ आहे," आवाज म्हणाला. "हातानं कुणी दिलं नाही."

आणि बाळांनो, काळ्या पाण्यातून दोन हात वर आले. बाईचे हात. पांढरेफटक, सुरकुतलेले, आपण फार वेळ पाण्यात राहिलो की बोटं होतात ना, तसे. मनगटात एक फुटकी बांगडी. हातांची ओंजळ झालेली, आणि ओंजळ रिकामी.

कुहू, हात धर माझा. मी आहे.

सारजा काठाशी पोचली. ओंजळीत पाणी घालायचं तर अगदी जवळ जायला हवं, आणि ते हात तिलाच धरून आत ओढतील अशी भीती. तिनं मनात देवाचं नाव घेतलं. सकाळपासून ती एका तहानलेल्या माणसाला शोधत होती. हे माणूसच होतं. कधीकाळी कुणाची तरी लेक होती. तिनं छबूला मागे सारलं, एक पाय पाण्यात टाकला, आणि घागर वाकवली.

पहिला घोट गेला. नामाच्या भोवतीच्या पाण्याची पकड सुटली. तो डोळे चोळत काठावर आला.

दुसरा घोट गेला. यमू थांबली. पाणी तिच्या छातीपर्यंत आलं होतं. ती वळली, आणि आईला बघून रडायला लागली, पण पाण्यानं तिचा पाय अजून सोडला नव्हता.

घागरीत थोडंच पाणी उरलं होतं. सारजेनं ते सगळं, शेवटच्या थेंबापर्यंत, त्या ओंजळीत ओतलं.

तिसरा घोट गेला. हात थोडा वेळ तसेच राहिले. मग डोहातून एक आवाज आला. तो सारजेचा नव्हता. दुसऱ्याच कुणा बाईचा, जुना, घोगरा, खूप दिवस न बोललेला. "पुरे, बाई. निवाले. लेकरं घेऊन जा."

हात पाण्याखाली गेले. यमू धडपडत बाहेर आली. आणि डोहात पहिल्यांदा आभाळ दिसलं.

सारजेचं तिसरं तोंड झालं होतं. आता ती बोलू शकत होती. पण तिथे ती बोलली नाही. नामाचा आणि यमूचा हात धरला, छबूला कडेवर घेतलं आणि उंबराखाली आली. केरबा अजून घोरत होता. तिनं रिकामी घागर त्याच्या पोटावर ठेवली. मग खाली बसून छबूचा कान जवळ घेतला. तिथे तिचा आवाज फुटला.

"छबडे," ती म्हणाली, "तू रुसलीस म्हणून आज आपण सगळी आहोत गं."

यमूनं पुन्हा कधी त्या पहिल्या शब्दाचा राग धरला नाही.

ती डोहातली बाई कोण होती, ते मला ठाऊक नाही. सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं. पण पुढे दरवर्षी केरबा एक नवी घागर घडवायचा, आणि सारजा डोहावर गेली की आधी ती ओंजळीओंजळीनं रिती करायची. मग भाकरी. मुलं मोठी झाली, त्यांनाही लेकरं झाली, आणि त्या डोहानं पुन्हा कुणाची हाक ठेवली नाही. सगळी सुखानं नांदली.

आता माझं एक ऐकाल? मौन धरा असं नाही म्हणत मी, तुम्हाला ते जमायचंही नाही. पण उद्या नदीवर गेलात, की स्वतः पाणी पिण्याआधी एक घोट दुसऱ्याला द्या. रोपट्याला द्या, कुत्र्याला द्या, कुणी दमून बसलं असेल त्याला द्या. आपल्या हातानं द्या. आणि पाण्याच्या बाजूनं माझी हाक आली, तर जायचं नाही. मला तुम्हाला बोलवायचं असलं, तर मी येऊन हात धरीन.

कबूल ना? बघा, कुहू कबूल म्हणता म्हणता झोपलीसुद्धा. तुम्हीही मिटा डोळे. उशाशी तांब्या भरून ठेवलाय. कुणाला तहान लागली तर मला उठवा, मी देईन.