फुटाण्या आणि पापडाची लाटी

एका गावातल्या कासारआळीत एक कासारीण राहत होती. चंद्राक्का तिचं नाव. तिचा आवाज असा खणखणीत, की ती अंगणात ओरडली तर नदीपलीकडच्या गावातली कुत्री कान टवकारायची. तिच्या स्वतःच्या कुत्र्यावर मात्र त्या आवाजाचा काडीइतकाही परिणाम होत नसे.

कुत्र्याचं नाव फुटाण्या. कढईतल्या फुटाण्यासारखा सदा टणाटण उडायचा, म्हणून फुटाण्या. चंद्राक्काची एकुलती एक लेक सासरी गेली, तेव्हा चंद्राक्काचा नवरा दाजीबा हे पिल्लू बांगड्यांच्या पेटीत घालून बाजारातून घेऊन आला. घरात पाऊल टाकल्या टाकल्या पिल्लाने चंद्राक्काच्या पायावर शू केली. तिने कपाळाला हात लावला, दाजीबाला चार शब्द सुनावले, आणि मग कोणी बघत नाही असं पाहून पिल्लाला दुधात भाकरी कुस्करून दिली. त्या दिवसापासून ती त्याला शिव्या घालायची आणि तो तिच्याच पायाशी झोपायचा. दोघांचं छान चाललं होतं.

दाजीबा तसा गरीब स्वभावाचा माणूस. खोड एकच, रुसायचा. काही मनाविरुद्ध झालं की ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसायचा. चंद्राक्का आधी तोंडाचा पट्टा सोडायची, मग थकायची आणि शेवटी साजूक तुपातला शिरा करून त्याच्यापुढे नेऊन ठेवायची. शिरा संपला की रुसवा संपला. आणि चंद्राक्काचाच आवाज फार चढला, की दाजीबा मुकाट्याने बाहेर जायचा आणि येताना अबोलीचा गजरा आणायचा. गजरा माळला की आवाज उतरायचा. संसार असाच चालला होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

उन्हाळा आला. कासारआळीची रीत अशी, की पापड कुणी एकटीने लाटायचे नाहीत. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, साऱ्या बायका पोळपाट-लाटणं घेऊन जमायच्या. आणि पापड चालू असताना जो कुणी दारात येईल, त्याच्या हातावर लाटी ठेवायचीच. लाटी म्हणजे उडदाच्या मळलेल्या पिठाचा, तेलात घोळवलेला इवलासा गोळा. पापडापेक्षा लाटीच गोड लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्या दिवशी पापड चंद्राक्काकडे होते. अंगणात बाजेवर जुनं लुगडं पसरून त्यावर पापड वाळत घातले होते. कुठूनसा फुटाण्या आला आणि त्याने बाजेवर उडी घेतली. एक पापड पायाला चिकटला, एक शेपटीला. ते झटकायला म्हणून गडी गरागरा फिरला आणि उरलेले सगळे तुडवले. चंद्राक्का ओरडली. फुटाण्याला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. तो आणखी जोरात फिरला. शेवटी तिने हातातली लाटी लांब तुळशीकडे भिरकावली. फुटाण्याने बाजेवरून उडी मारली आणि लाटीमागे धूम ठोकली.

बायका बघतच राहिल्या. चंद्राक्काची छाती फुगली. कुत्र्याला कसं हाताळायचं ते माझ्याकडून शिका, असं तिने सगळ्यांना ऐकवलं. आणि बायकांनी तिचं ऐकलं, हेच तर चुकलं.

दुसऱ्या दिवशी फुटाण्या शेजारच्या अंगणात बाजेवर चढला. शेजारणीने लाटी फेकली. तिसऱ्या घरी चढला, तिथेही लाटी मिळाली. युक्ती दरवेळी लागू पडायची. फक्त दिवसेंदिवस ती जास्त वेळा करावी लागायची, आणि असं का होतंय याचा विचार करायला लाटण्यातून कुणाला सवड नव्हती.

फुटाण्या मात्र विचार करत होता. एवढी नाचानाच कशाला, हे त्याला लवकरच कळलं. तो बाजेच्या कडेला एक पंजा ठेवायचा, दाराकडे बघायचा आणि एकदाच भुंकायचा. लाटी आली की पंजा खाली. उशीर झाला तर दुसरा पंजा वर. सकाळी वासुदेव जसा दारोदार फिरतो, तसा तो उन्हं चढली की आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निघायचा. अंगाने तो ढोलकीसारखा गोल झाला. बायकांचं पीठ सरत चाललं आणि पापड काही डब्यात पडेनात.

अशात एक दिवस तो सगुणाकाकूंच्या अंगणात गेला. सगुणाकाकू आळीत सगळ्यांत वडीलधाऱ्या. त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही. कानाने मात्र त्या जरा अधू. फुटाण्याने पंजा ठेवला, भुंकला. काकूंना ऐकू गेलं नाही. दुसरा पंजा ठेवला. काकू आपल्या आत ताक घुसळताहेत. तिसरा ठेवला, चौथा ठेवला, आणि तरी कुणी येईना तेव्हा तो बिचारा कुरडयांवर चक्क लोळला. काकूंनी गहू भिजवून, आंबवून, चीक काढून, पहाटे उठून घाटून केलेल्या कुरडया त्या. वर्षाची बेगमी होती. तिचा पार भुगा झाला.

काकू आळीच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे सगळ्यांना जास्तच भीती वाटली. गावाबाहेर मेंढपाळांचा तळ पडला होता. पुनवेला तळ हलणार होता. काकूंनी निकाल दिला: कुत्रं पुनवेपर्यंत सुधारलं तर ठीक, नाहीतर मेंढपाळांना देऊन टाकायचं. तेही नको असेल तर चंद्राक्काकडे यापुढे कुणी पापड लाटायला जाणार नाही. साऱ्या बायकांनी माना हलवल्या. चंद्राक्काचीच युक्ती वापरून सगळ्या बेजार झाल्या होत्या.

चंद्राक्का तोऱ्यात म्हणाली, पुनवेपर्यंत तरी कशाला, आजच न्या. असं म्हणून ती घरात आली आणि उंबऱ्यावर बसली. फुटाण्या आला आणि तिच्या पावलावर हनुवटी टेकून पडला. लेक सासरी गेल्यापासून चंद्राक्काच्या पावलांच्या आवाजाला धावत येणारं त्या घरात दुसरं कोण होतं? तिला भडभडून आलं. तिने पदराने डोळे पुसले, फुटाण्याला एक सणसणीत शिवी दिली आणि ठरवलं, काहीही झालं तरी याला जाऊ द्यायचं नाही.

तिने सगळं करून पाहिलं. काठी उगारली, पण ती खाली येईना. दावं लावून बांधून ठेवलं, तर फुटाण्याने असा गळा काढला की आळीनेच येऊन त्याला सोडवलं. शेवटी गावात एक नंदीबैलवाला आला, तेव्हा तिने त्याला हाताला धरून अंगणात आणलं. एवढा थोरला बैल ज्याच्या ढोलकीवर मान डोलावतो, त्याला एवढंसं कुत्रं काय जड, असा तिचा हिशेब.

नंदीबैलवाल्याने मिशीला पीळ दिला. अंगणासमोरच आळीच्या मधोमध निंब होता, त्याखाली बैल उभा केला आणि फुटाण्यासमोर बसून ढोलकी घुमवायला सुरुवात केली. गुबूगुबू, गुबूगुबू. फुटाण्या ढोलकीवर भुंकू लागला. या गोंधळात बैलाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तो झुलीसकट सावकाश बाजेपाशी गेला आणि त्याने पापडांना तोंड लावलं.

चंद्राक्काने जन्माच्या सवयीने आधी आरोळी ठोकली आणि मग हातातली लाटी बैलाकडे फेकली. बैलाने पापड सोडले, लाटी खाल्ली, ओठ चाटले. नंदीबैलवाल्याने त्याला निंबाखाली परत नेलं. बैल तिथे जरा वेळ उभा राहिला. मग आपणहून बाजेपाशी आला, पापडांवर तोंड नेलं, खाल्ला मात्र एकही नाही. चंद्राक्काच्या हाताकडे बघितलं आणि ढोलकी वाजत नसतानाही होय, होय अशी मान डोलावली.

नंदीबैलवाल्याचा चेहरा उतरला. "बाई, माझा बैल असा नव्हता हो," तो म्हणाला. "गावोगाव फिरलो, कुणाच्या वाळवणाला त्याने कधी तोंड लावलं नाही. तुमच्या दारात एका लाटीत बिघडला."

चंद्राक्काने बैलाकडे पाहिलं. फुटाण्याकडे पाहिलं. त्याने बाजेवर पंजा ठेवला होता आणि तोही तिच्या हाताकडेच बघत होता. पापडांकडे दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. कुत्रं अडाणी नव्हतं. जे शिकवलं ते त्याने तंतोतंत केलं होतं. मास्तरीणच वेडी होती, आणि ती मास्तरीण कोण, हे चंद्राक्काला आरशात बघायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने बाजेवर फुटके पापड तेवढे पसरले आणि लाटी मुठीत धरून दारात बसली. फुटाण्या आला. एक पंजा ठेवला, भुंकला. ती गप्प. दुसरा पंजा ठेवला. ती गप्प. तो बाजेवर चढला, गोल फिरला, लोळला, जेवढं येत होतं तेवढं सगळं करून दाखवलं. चंद्राक्काच्या पोटात आवाज नुसता उकळत होता, पण तिने ओठ मिटून घेतले. एवढ्या वेळात तिचा आवाज आला नाही म्हणून शेजारणी घाबरून बघायला आल्या. कुणी विचारलं, ताप आहे का? तिने हातानेच त्यांना गप्प बसवलं.

शेवटी फुटाण्या दमला. बाजेवरून उतरला, निंबाच्या बुंध्याशी जाऊन बसला आणि आज हिला झालंय तरी काय, अशा नजरेने बघू लागला. तेवढ्यात लाटी त्याच्या पुढ्यात येऊन पडली. तो चमकला. लाटी खाऊन पुन्हा बाजेकडे धावला, तिथे काहीच मिळालं नाही. निंबाखाली आला, मिळालं. त्याचे कान एकदा वर गेले, एकदा खाली आले, आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला.

कुत्र्याला शिकवणं सोपं गेलं. आळीला शिकवताना नाकी नऊ आले. फुटाण्या दिसला की बायकांचे हात आपसूक लाटी फेकायला उठायचे. चंद्राक्का घरोघर जाऊन त्यांची मनगटं धरायची. तो बाजेपाशी असताना काही नाही, निंबाखाली असताना द्या, एवढंच तिचं सांगणं. तिचं आता पुन्हा ऐकायचं का, यावर कुरबुर झाली, पण पीठ वाचतंय म्हटल्यावर सगळ्यांनी ऐकलं.

पुनव आली. सगुणाकाकूंनी आळीच्या मधोमध निंबाजवळ बाज टाकली, तिच्यावर नव्याने केलेल्या पांढऱ्याशुभ्र कुरडया घातल्या, आणि सगळ्यांना दाराआड उभं केलं. मेंढपाळ दावं घेऊन आळीच्या तोंडाशी येऊन थांबला होता. फुटाण्या डुलत डुलत आला. बाजेपाशी थांबला. त्याने कुरडयांचा वास घेतला आणि एक पंजा उचलला.

चंद्राक्काच्या घशाशी आरोळी आली. अरे मेल्या, नको, एवढंच ओरडायचं होतं. पण तो आवाज ऐकला की पुढे लाटी येते, हे फुटाण्याला पाठ होतं. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज बाहेर येऊ दिला नाही.

पंजा जरा वेळ हवेत राहिला. मग खाली आला, जमिनीवर. फुटाण्या वळला आणि निंबाखाली जाऊन शहाण्यासारखा बसला. इतक्यात कुणाची तरी शेळी कुरडया हुंगत आली. फुटाण्या ताडकन उठला, तिला आळीच्या टोकापर्यंत हाकलून आला आणि पुन्हा आपल्या जागी बसला.

सगुणाकाकू बाहेर आल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला लाटी भरवली. मग सगळ्या दारांकडे वळून म्हणाल्या, "त्या शेळीला मात्र कुणी काही देऊ नका गं."

मेंढपाळ दावं गुंडाळून परत गेला. चंद्राक्काने फुटाण्याला सगळ्यांच्या देखत उराशी धरलं आणि या वेळी कुणी बघतंय की नाही हे पाहिलं नाही.

घरी येऊन बघते तो दाजीबा ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसलेला. घरात नुसतं कुत्र्याचंच चाललंय म्हणून रुसला होता. चंद्राक्का चुलीपाशी गेली, तुपात रवा भाजला, शिऱ्याची ताटली भरली आणि ओटीकडे निघाली. दारात तिचे पाय थांबले. भिंतीकडे वळलेली ती पाठ तिने नीट पाहिली. बाजेवरच्या पंजात आणि या पाठीत तिला काही फरक दिसेना.

ती आवाज न करता मागे फिरली आणि ताटली घेऊन स्वयंपाकघरात बसली. शिऱ्याचा वास ओटीपर्यंत गेला. बऱ्याच वेळाने दाजीबा आपणहून उठला, आत आला, आणि तिच्या शेजारी बसून कुत्रं राहिलं ते बरं झालं म्हणाला. तेव्हा कुठे तिने ताटली त्याच्यापुढे सरकवली. ती मनात हसत होती. तेवढ्यात दाजीबाने पागोट्यातून अबोलीचा गजरा काढून तिच्या हातावर ठेवला.

चंद्राक्का चक्रावली. "आज तर मी एकदासुद्धा ओरडले नाही."

"म्हणूनच आणला," दाजीबा म्हणाला. "इतकी वर्षं ओरडल्यावर आणत होतो. त्या बैलाला मीपण बघितलं होतं."

चंद्राक्काने ओरडायला तोंड उघडलं, हातातल्या गजऱ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मग दोघंही इतकी हसली की निंबाखालचा फुटाण्या उठून दारात आला. लाटी नव्हती, पण शिरा होता. तो उंबऱ्याबाहेर बसून राहिला, आणि तिथेच त्याला मिळाला.

तात्पर्य: ज्या वागण्याला आपण खाऊ घालतो, तेच वागणं आपल्या घरात मोठं होतं. म्हणून दुसऱ्याच्या खोडीला बोल लावण्याआधी आपल्या मुठीतली लाटी कधी सुटते, ते बघावं.