तळ्याकडे तोंड करून

माळरानावर एक तळं होतं आणि त्या तळ्यात एक म्हातारा बेडूक राहत असे. तळं म्हणजे त्याचा जीव की प्राण! भरल्या पाण्यात मारलेल्या उड्या, कमळाच्या पानावर बसून घातलेला गोंधळ, संध्याकाळी पाण्यावर येणाऱ्या गुरांच्या घंटा... एकदा का आठवणींत शिरला, की स्वारी बाहेर यायचं नाव घेत नसे.

पण मुलांनो, त्या उन्हाळ्यात तळं कधी नव्हे ते आटलं. बगळा दूरच्या नदीकडे उडून गेला. कमळाने पानं वाळू दिली, कंद तेवढा चिखलात जपून ठेवला. तरणे बेडूक जमिनीत शिरून गाढ झोपले. आपला म्हातारा मात्र खडकावर ठाण मांडून बसला. "आमच्या वेळी असं नव्हतं हो," तो पुटपुटे. "येईल, पाणी परत येईल." उन्हाने त्याची कातडी सुकत चालली. बेडूक कातडीनेही श्वास घेतो. ती वाळली की संपलंच सगळं.

शेजारची गोगलगाय शंखाचं दार लावून घ्यायच्या बेतात होती. तिला राहवेना. "आजोबा, पुरे झाला हट्ट! आज जमिनीत गेला नाहीत, तर तुमचं काही खरं नाही."

"कसा जाऊ, बाई?" बेडूक तळ्याकडे बघत म्हणाला. "इथे माझा जन्म गेला. या तळ्याकडे पाठ फिरवू?"

"पाठ फिरवायला सांगतंय कोण? तुमची जात मागच्या पायांनी उकरते ना? मग उलटे शिरा की! तोंड तळ्याकडेच राहील."

"अरेच्चा!" बेडूक म्हणाला. आयुष्यात कधी गरजच पडली नव्हती, त्याला सुचणार तरी कसं?

तो खडकावरून उतरला आणि मागच्या पायांनी माती ढकलू लागला. वरची माती कडक होती. त्याला धाप लागली, पाय भरून आले. नजर मात्र समोरच्या कोरड्या तळ्यावर होती, आणि त्याला ते काठोकाठ भरलेलं दिसत होतं. होता होता पोटाला काहीतरी गार लागलं. ओल! लहानपणी ज्या चिखलात तो लोळला, त्याचाच वास.

"अगं बाई, हे तर आमचंच तळं!" तो आनंदाने ओरडला. पण गोगलगायीने केव्हाच दार लावून घेतलं होतं. मग तोही त्या ओलीत पाऊस येईपर्यंत सुखाने झोपी गेला.

तात्पर्य : दिवस बदलले की राहायची रीत बदलावी, माया बदलावी लागत नाही.