धुराजी लॅपटॉपचे भाग ओळखतो

कुरणवाडीत धुराजी नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती भोळा? एकदा त्याची आई चुलीपुढून उठता उठता म्हणाली, "धुराजी, तव्यावरची भाकरी तेवढी फिरव रे." धुराजीनं भाकरी उचलली आणि वेशीपर्यंत गावभर फिरवून आणली. वाटेत कुणी विचारलं, तर "भाकरी फिरवतोय" म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

धुराजीचं लग्नाचं वय झालं होतं. पण काम येत नसलेल्या माणसाला मुलगी कोण देणार? म्हणून आई सुंद्राबाईनं त्याला आपल्या भावाकडे धाडलं. भावाचं, म्हणजे गंगाधरमामांचं, तालुक्याला स्टँडजवळ लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं.

निघताना आईनं बजावलं, "मामा सांगेल तेवढंच करायचं. आपलं डोकं चालवायचं नाही."

धुराजीला ही अट एकदम पसंत पडली.

पहिल्याच दिवशी मामांना चहाची तलफ आली. ते म्हणाले, "धुराजी, मी आलोच. दुकानाकडे बघ."

दुकानात बसून दुकान दिसत नाही. धुराजी रस्ता ओलांडून समोरच्या ओट्यावर जाऊन बसला. तिथून दुकान पाटीसकट दिसत होतं. त्यानं पापणी लवू दिली नाही.

मामा परत आले. "कुणी आलं होतं का रे?"

"आलं होतं. चष्मेवाले, पोटाशी बॅग धरलेले. हाका मारत होते."

"मग?"

"मग चिडून गेले. मी नीट बघितलं."

मामांनी मोठा श्वास घेतला. "अरे, दुकानाकडे बघायचं म्हणजे दुकान सांभाळायचं. दारात आलेल्याला आत घ्यायचं, खुर्चीवर बसवायचं, पाणी पाजायचं आणि काय होतंय ते विचारायचं. कळलं?"

"कळलं, मामा."

आणि त्याला खरंच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामा मोंढ्याच्या बाजारात गेले होते. तेवढ्यात एका रिक्षावाल्यानं दारात बॅग ठेवली. "शिंगाडे सरांचा लॅपटॉप आहे," म्हणाला आणि गेला. हे शिंगाडे सर हायस्कूलचे मुख्याध्यापक. शाळेचं सगळं काम मामांच्याच दुकानात यायचं, त्यामुळे सरांचा लॅपटॉप म्हणजे मामांच्या लेखी जावयाचा पाहुणचार. दहावीच्या पोरांचे तोंडी परीक्षेचे गुण त्या लॅपटॉपात होते.

धुराजीनं लॅपटॉपला आत घेतलं. खुर्चीवर बसवलं. झाकण उघडलं, तसा आत उजेड झाला. "या," धुराजी म्हणाला आणि तांब्यातलं पाणी त्याला पाजलं. बटणांच्या फटीफटीतून पाणी आत गेलं. लॅपटॉप नाही म्हणाला नाही.

"काय होतंय?" धुराजीनं आपुलकीनं विचारलं.

लॅपटॉप चर्र म्हणाला आणि विझला.

मामा आले ते किंचाळतच. त्यांनी लॅपटॉप उचलून उलटा धरला, झटकला, खालचं झाकण काढलं आणि टेबलफॅनसमोर ठेवला. मग ते धापा टाकत स्टुलावर बसले.

"बघितलंस ना मी काय केलं ते?" ते म्हणाले. "काहीही भिजलेलं दिसलं, की असंच करायचं. उलटं धरायचं, झटकायचं, वरचं काढायचं, पंख्यासमोर ठेवायचं. उशीर करायचा नाही. कळलं?"

"कळलं, मामा."

लॅपटॉप वाळायला काही दिवस लागणार होते. दोन दिवसांनी भर दुपारी शिंगाडे सर चौकशीला आले. ऊन असं, की डांबर मऊ झालेलं. सर सायकल दामटत आलेले. सदरा घामानं पाठीला चिकटलेला, कपाळावरून धारा.

मामा जेवायला गेले होते. धुराजीनं सरांकडे पाहिलं. माणूस पार भिजला होता. उशीर करून चालणार नव्हतं.

त्यानं सरांचे पाय धरले. सरांना वाटलं, पाया पडतोय. "असू दे, असू दे," ते म्हणाले आणि आशीर्वादाला हात वर केला. तो हात पुढच्याच क्षणी जमिनीला लागला. सर अंगानं किडकिडीत होते आणि धुराजीनं लहानपणापासून कडब्याच्या पेंढ्या उचललेल्या. त्यानं सरांना व्यवस्थित झटकलं. खिशातून खडू पडले, किल्ल्या पडल्या, शेवटी तोंडातली कवळी पडली. मग सदरा काढून त्यानं सरांना टेबलफॅनसमोर ठेवलं, लॅपटॉपच्या शेजारी.

मामा आले तेव्हा दोघंही वाळत होते.

सरांच्या मिनतवाऱ्या करून मामांनी त्यांना वाटेला लावलं आणि मग धुराजीला समोर उभं केलं. "गिऱ्हाईकाला हात लावायचा नाही! कधीच नाही! हात मशीनला लावायचा. तोसुद्धा कुठला भाग कशाचा हे ओळखून. ये इकडे, शिकवतो."

मामांनी एक जुना लॅपटॉप उघडला. छोटा चौकोनी तुकडा बोटानं दाखवून म्हणाले, "हा प्रोसेसर. म्हणजे डोकं समज. सगळा विचार हा करतो, म्हणून हा तापतो. तापला, की मधोमध ही राखाडी पेस्ट लावायची, वाटाण्याएवढी. वरून धातूची ही पट्टी दाबून बसवायची. डोकं थंड राहतं. कळलं?"

"कळलं, मामा. डोकं तापलं, की पेस्ट."

"शाबास!"

धुराजीला आजवर कुणी शाबास म्हटलं नव्हतं. तो दिवसभर मनातल्या मनात घोकत राहिला.

संध्याकाळी मामा वीज कार्यालयातून तणतणत आले. बिल भरूनही तिथल्या माणसानं भलतंच काही ऐकवलं होतं. मामांनी खुर्चीत अंग टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "डोकं नुसतं तापलंय आज!"

मामा काही गिऱ्हाईक नव्हते. धुराजीनं ट्यूब घेतली, मामांच्या कपाळावर मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट लावली आणि वरून पट्टी दाबली. चांगली दाबली.

ती पेस्ट साबणानं निघेना, रॉकेलनं निघेना. घरी मामी म्हणाल्या, "अगं बाई, आज कुठल्या देवाला जाऊन आलात?"

मामांचा आवाज आता बसला होता. ते हळू म्हणाले, "धुराजी, ती वस्तू माझ्या कपाळाची नाही. जी वस्तू जिथली असेल, तिथंच ठेवायची. इकडची तिकडे करायची नाही. कळलं?"

"कळलं, मामा."

अंबूताई लोमटे बचत गट चालवायच्या. त्यांच्या लॅपटॉपची बॅटरी फुगली होती, पुरीसारखी. मामांनी ती जपून काढली, बाजूला वाळूच्या घमेल्यात ठेवली आणि खोक्यातून नवी बॅटरी काढून बसवली. "अंबूताई आल्या, की देऊन टाक," म्हणून ते बँकेत गेले.

धुराजीनं हे सगळं पाहिलं होतं. घमेल्यातली बॅटरी लॅपटॉपची होती. लॅपटॉपातली बॅटरी खोक्यातली होती. मामांकडूनही चूक होते, हे बघून त्याला जरा बरं वाटलं. त्यानं नवी काढून खोक्यात ठेवली आणि फुगलेली जिथली तिथं बसवली. झाकण लागेना, म्हणून वर सुतळी बांधली.

अंबूताई लॅपटॉप घेऊन गेल्या आणि तासाभरात परत आल्या, बरोबर सुतळी आणि गटातल्या सगळ्या बायका घेऊन.

बायका गेल्यावर मामा म्हणाले, "अरे, पेटली असती! गेलेला भाग परत बसवायचा नसतो. गेला तो गेला. गिऱ्हाईकाला तोंडावर सांगायचं, 'हे गेलं, दुसरं आणावं लागेल.' आणि इंग्रजी नावं सांगू नकोस, लोक गोंधळतात. सरळ मराठीत सांगायचं. कळलं?"

"कळलं, मामा."

आता शिंगाडे सरांचा लॅपटॉप वाळला होता. मामांनी धुराजीला जवळ बसवून तो पालथा घातला आणि स्क्रू काढून उघडला. "ही हार्ड डिस्क. यात पोरांचे गुण आहेत आणि ते सुखरूप आहेत, देवाची कृपा. आता ही हिरवी पाटी बघ. हा मदरबोर्ड. सगळी लेकरं हिच्या अंगाखांद्यावर असतात, म्हणून मदर. आई." त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला, पेस्ट चुकवून. "गेली रे. आतून जळलीय. धुराजी, सरांचा फोन लागत नाहीये. पळत शाळेत जा. सांग, मदरबोर्ड गेलाय. दुसरा आणावा लागेल. जुना असला तरी चालेल, फक्त चालू पाहिजे. मिळाला, तर तिथंच काढून घेऊन ये."

धुराजीनं स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि धावत सुटला. वाटेत त्यानं निरोपाचं मराठी केलं.

सर शिक्षकांच्या खोलीत बसले होते. धुराजीला बघताच त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. धुराजी दारातूनच म्हणाला, "सर, आई गेली."

सरांची आई, कौसाबाई, बोरतळ्याला धाकट्या भावाकडे राहायची. सर दचकून उठले, तसा टेबलावरचा चहा सांडला. धुराजी कसाही असला, तरी खोटं बोलत नाही, हे त्यांनी उलटं लटकलेलं असतानाही ओळखलं होतं.

"कधी?" सरांनी विचारलं.

"आत्ताच कळलं. मामांनी बघितली. गेली, म्हणाले."

"त्रास झाला का रे तिला?"

धुराजीनं आठवून पाहिलं. "नाही. चर्र झालं आणि संपलं. पाणी मीच पाजलं होतं."

सरांनी पुढं येऊन त्याला मिठी मारली. "शेवटचं पाणी तुझ्या हातचं! मी पोटचा पोर असून..." आणि ते त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

"पोरांचे गुण सुखरूप आहेत," धुराजी धीर देत म्हणाला. "आता दुसरी आणावी लागेल. जुनी असली तरी चालेल."

"हा काय बोलतोय?" गणिताच्या बाई पुटपुटल्या.

"धक्का बसलाय त्याला," सर डोळे पुसत म्हणाले.

सरांनी भावाला फोन लावून पाहिला. तो उचलेना, कारण तो विहिरीतला मोटारपंप काढायला खाली उतरला होता. शाळा सुटली. पोरांना रांगेत उभं करून शोकसभा झाली. शिक्षकांनी हार आणले, कुणी बांबू आणले, कुणी मडकं आणलं. जीप ठरली. सरांनी धुराजीला आपल्याजवळ बसवलं आणि बोरतळ्यापर्यंत त्याचा हात सोडला नाही. दुसरी आई आणायला सर स्वतः जातायत, हे बघून धुराजीला समाधान वाटलं. काम मार्गी लागलं होतं.

जीप वाड्यावस्त्या ओलांडून भावाच्या दारात थांबली. शिक्षिकांनी खाली उतरता उतरताच गळा काढला. अंगणात कौसाबाई पाट्यावर चटणी वाटत बसली होती. एक नातू मांडीवर, एक पाठीवर, एक खांद्याला लोंबकळत.

"कोण गेलं गं बाई?" तिनं घाबरून विचारलं.

बांबू धरलेले शिक्षक जागच्या जागी थबकले. मडकं फुटलं. सर "आई!" म्हणून धावले आणि हारासकट तिच्या पायांवर कोसळले. काय झालं ते कळायला कौसाबाईला वेळ लागला. कळलं, तशी ती वरवंटा घेऊन उभी राहिली.

"मी मेले? कोण म्हणतं मी मेले? तुमचा वैरी मेला असंल! मी धडधाकट आहे! अजून चालू आहे!"

धुराजी गर्दीतून वाट काढत पुढं आला.

"चालू आहे?"

"चालू आहे म्हणजे काय, पळतसुद्धा आहे!"

धुराजीनं तिच्याकडे खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. जुनी होती. चालू होती. लुगडं हिरवं होतं. लेकरं अंगाखांद्यावर होती. ओळखण्यात यावेळी चूक व्हायचं काही कारणच नव्हतं. मामा आज नक्की शाबास म्हणणार होते.

त्यानं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि नम्रपणे म्हणाला, "आजी, जरा पालथ्या होता का? स्क्रू खालच्या अंगाला असतात."