तांबडीची अंडी आणि मुकादमाचं कुत्रं

"ऊठ म्हणतो ना! हा उसाचा फड तोडून सरला. कोप्या मोडून आजच पुढच्या गावाला निघायचंय," मुकादमाचं कुत्रं तिसऱ्यांदा भुंकलं. जनावरं एकमेकांशी बोलायची, त्या काळची ही गोष्ट.

ऊसतोड्यांच्या टोळीतली तांबडी कोंबडी कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, अंड्यांवर बसली होती. तिनं पिसं फुलवली. "मुडद्या, तीन दिवसांत पिल्लं निघतील. गेल्या साली चालत्या गाडीत अंडी गार पडली, एकही पिल्लू निघालं नाही. यंदा मी हलायची नाही."

"तुझ्यापायी टोळी थांबंल होय गं?"

"माझं राहू दे. शेजारच्या कोपीतल्या सारजेचे दिवस भरलेत. तिनं काय गाडीत बाळंत व्हायचं?"

दारातला, गाडी ओढणारा हरण्या बैल खालमानेनं म्हणाला, "तांबडे, वाद नको. हा म्हणंल तेव्हा निघायचं, रीतच आहे आपली."

कुत्रं ऐटीत गाडीखाली जाऊन उभं राहिलं. "ऐकलंस? चला, निघाली गाडी!"

तेव्हा तांबडी बैलाला जे बोलली, त्यानं भांडणच मिटलं: "हरण्यादादा, तू जरा खाली बस, आणि ह्याच्या भुंकण्यानं चाक फिरतंय का, ते आपण दोघं बघू."