झुळूला घरी जायचंय

एक होती झुळू. इवलीशी झुळूक. तिचं घर कुठे? दुर्वाच्या छातीत! दुर्वाने श्वास घेतला, की झुळू नाकातून आत जायची. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

एकदा काय झालं, झुळू आत गेली, तर वाटेवरची नळी मिटलेली! छातीत वाजलं, सुंईऽऽ सुंईऽऽ. दुर्वा खोकली, खॉक खॉक.

झुळू म्हणाली, "नळीताई, नळीताई, उघड ना गं!"

"कशी उघडू? ही सूज बसलीये ना माझ्यावर! ती उतरू दे आधी."

झुळू गेली सुजेकडे. सुळुक सुळुक.

"सूजमावशी, सूजमावशी, उतर ना गं! नळी उघडेना, मी घरी जाऊ कशी?"

"मी नाही उतरणार, जा! निरोप्या ओरडतोय, 'फुग, फुग!' तो गप्प बसू दे आधी."

निरोप्या टिकलीहून लहान. पण आवाज केवढा! पळतोय आणि ओरडतोय, "फुग, फुग! धाव, धाव!"

"निरोप्यादादा, निरोप्यादादा, गप्प बस ना रे! सूज उतरेना, नळी उघडेना, मी घरी जाऊ कशी?"

"मी नाही गप्प बसणार, जा! शिपाई मला पिटाळतोय. तो थांबू दे आधी."

शिपाई म्हणजे दुर्वाच्या छातीतला पहारेकरी. भला, पण भारी भित्रा.

"शिपाईमामा, शिपाईमामा, थांब ना रे! निरोप्या गप्प बसेना, सूज उतरेना, नळी उघडेना, मी घरी जाऊ कशी?"

"मी नाही थांबणार, जा! हा धूर आत घुसलाय. चोरच असणार! तो हटू दे आधी."

"धूरकाका, धूरकाका, हट ना रे! शिपाई थांबेना, निरोप्या गप्प बसेना, सूज उतरेना, नळी उघडेना, मी घरी जाऊ कशी?"

"मी नाही हटणार, जा! आईने धुपाटणं पेटवलंय. तिला ते उचलू दे आधी."

झुळू आली बाहेर. सुळुक सुळुक. दुर्वाची आई जिवतीपुढे बसली होती. श्रावणातला शुक्रवार. लेकीसाठी व्रत. लेकीसाठीच आज धूपही मूठभर जास्त!

झुळू तिच्या कानाशी गेली.

"आई, आई, धुपाटणं उचल ना गं! धूर हटेना, शिपाई थांबेना, निरोप्या गप्प बसेना, सूज उतरेना, नळी उघडेना, मी घरी जाऊ कशी?"

"आरती व्हायचीय, बाळा. मधेच कसं उचलू? माझा नेम आहे गं."

सुंईऽऽ सुंईऽऽ. दुर्वाची छाती वाजली.

आईने जिवतीच्या चित्राकडे पाहिलं. जिवतीच्या मांडीवर बाळ. जिवतीच्या भोवती बाळं.

"अगंबाई! ही तर बाळांचीच आई. ही कशाला रागावेल?"

धुपाटणं गेलं अंगणात. खिडकी उघडली, खट्! दुर्वाला घेतलं मांडीवर. डॉक्टरांचा पंप दिला, फुस्स!

"हळू घे हं, सोन्या."

धूर हटला. शिपाई थांबला. निरोप्या गप्प बसला. सूज उतरली, हळू... हळू... नळी उघडली. आणि झुळू? सुळुक सुळुक, थेट घरी!

दुर्वा म्हणाली, "आई, पुरण!"

"थांब गं खादाडे, आधी औक्षण!"

जिवतीआई, झुळू जशी घरी पोचली, तशा सगळ्या लेकरांच्या झुळका सुखाने घरी पोचू देत.