दवबिंदूचा शेवटचा घास

एकदा एक वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ एका जुन्या वनस्पतिसंग्रहाची देखभाल करीत होते. त्यांच्या हाताखाली एक शिष्या शिकत होती. संग्रहात दुर्मीळ दवबिंदूचा एकच वाळवलेला नमुना होता. दवबिंदू म्हणजे पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडून खाणारे बोटभर रोप. ऐंशी वर्षांपूर्वी कोणीतरी ते एका डोंगरावरून आणले, कागदावर चिकटवले आणि नोंदीत केवळ डोंगराचे नाव लिहून तो भला गृहस्थ मोकळा झाला.

शिष्येने तीन पावसाळे त्या डोंगराचा सडा, म्हणजे माथ्यावरचे उघडे कातळपठार, पालथा घातला. रोप काही मिळाले नाही. यंदाही न मिळाल्यास संग्रहाच्या यादीत त्याच्यापुढे ‘नामशेष’ लिहावे लागणार होते, आणि ते लिहायचे तिलाच होते. या विचाराने तिला रडू येई. निदान शेवटचे छायाचित्र तरी देखणे यावे, म्हणून एका सकाळी तिने मऊ कुंचल्याने नमुन्याच्या पानांवरची काळी धूळ झटकली.

ते पाहताच वृद्ध शास्त्रज्ञ गुडघे टेकून फरशीवर बसले आणि चिमट्याने ती धूळ वेचू लागले.

“अहो सर, कचरा आहे तो! उठा, मी झाडून घेते.”

“झाडूला हात लावू नकोस. आधी भिंग आण.”

भिंगाखाली त्या धुळीत पंख दिसले, पाय दिसले. इवल्याशा माश्या होत्या त्या. एक तर अजून पानालाच चिकटलेली होती. शिष्या शरमेने लाल झाली.

“ओळखलीस ही माशी?” वृद्धांनी विचारले. “हिच्या अळ्या कड्यावरून झिरपणाऱ्या पाण्यातच वाढतात. उघड्या सड्यावर ती कशाला येईल? आणणाऱ्याने पत्ता लिहिला नाही, रोपाने मात्र शेवटच्या घासातून तो सांगून ठेवला. तू त्याची पाने मोजलीस, फुले मोजलीस; ते काय जेवले, हे विचारलेच नाहीस. काखेत कळसा नि गावाला वळसा! अगं, कोणाला शोधायचे तर नुसते नाव पुरत नाही. तो कशावर जगतो, हे ठाऊक असावे लागते.”

पुढच्या आठवड्यात कड्याच्या सावलीतल्या ओल्या कातळावर त्यांना सात रोपे सापडली. तिने एकही उपटले नाही. नोंदीत मात्र जागा लिहिली, झिरपणारे पाणी लिहिले आणि माशीही लिहिली.

कुंचला तिच्याकडे अजून आहे; पण नवा नमुना समोर आला की तिचा हात आधी भिंगाकडे जातो.